जुन्या विज्ञानकथांतले चंदेरी रॉकेट: बांधण्याचा आणि उडवण्याचा नेमका क्रम

गेल्या हिवाळ्यात गोव्यातल्या डिचोलीकडच्या एका कापणी झालेल्या शेतात आम्ही रॉकेटे उडवत होतो. आठवीतला एक मुलगा आपले रॉकेट दोन्ही हातांवर आडवे धरून आला. अंग चंदेरी, कोयत्यासारखे वळलेले तीन लाल पंख, पोटावर गोल खिडक्या आणि प्रत्येक पंखाच्या टोकाला डिंकाने चिकटवलेली काचेची गोटी. म्हणाला, "काका, रंगसुद्धा सुकला. आता वजन कुठं घालू?" उडवल्यावर ते माडाच्या निम्म्या उंचीपर्यंत सरळ गेले, तिथे आडवे झाले, दोन गिरक्या घेतल्या आणि बांधावर आपटले. तीन पंखांपैकी एक शाबूत राहिला.

त्याच्या हाताच्या कामात काही उणे नव्हते, फक्त क्रम उलटा होता. मोठे पंख शेपटीला जातात आणि शेपटी जड करतात. सरळ उडायला तर नाक जड लागते. त्यामुळे या जातीच्या रॉकेटात तोल आधी साधायचा आणि रंग शेवटी द्यायचा. बहुतेक जण नेमके याच्या उलट करतात, म्हणून हे सगळे क्रमाने लिहितो आहे.

हे रॉकेट पाणी आणि हवेच्या दाबावर उडते. फटाक्यांची दारू काढून किंवा घरी इंधन कालवून इंजिन बनवायच्या फंदात कोणीही पडू नये. त्यात बोटे आणि डोळे जातात, शिवाय परवान्याशिवाय स्फोटक बनवणे हा १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली गुन्हा आहे.

१. सामान आधी एका जागी

सव्वादोन लिटरच्या थंड पेयाच्या तीन बाटल्या घ्या. त्यांतली एक दाबाची. उरलेल्या दोन कापून घागरा (पंख चिकटवायची बाही) आणि पुढची नळी होते. बाटली गॅसवाल्या पेयाचीच हवी. साध्या पाण्याची किंवा सरबताची बाटली पातळ असते, ती दाबाला फुटते.

पंखांसाठी ३ मि.मी. सनबोर्ड (फोमचा हलका, ताठ बोर्ड) लागतो. फ्लेक्स छापणाऱ्याकडे त्याची कात्रणे पडलेली असतात, मागितली तर देतात. त्याशिवाय पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंटची एक ट्यूब, नाडीचे इलास्टिक दीड मीटर, मुलांच्या मोडक्या छत्रीचे कापड, मॉडेलिंग क्ले, जाड पुठ्ठा, सुतळी आणि ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा. दिवाळीतला नरकासुराचा पुतळा झाल्यावर उरलेला पुठ्ठा आणि आकाशकंदिलाचा चंदेरी कागद जपून ठेवा, दोन्ही इथे कामी येतात.

काट्याशिवाय काम सुरू करू नका. अंदाजाने ग्रॅम कळत नाहीत.

२. दाबाच्या बाटलीची परीक्षा

बाटली उजेडासमोर धरून सावकाश फिरवा. पांढरी रेघ, घडी किंवा चेपलेली जागा दिसली तर ती बाटली घागऱ्यासाठी बाजूला ठेवा, दाब तिला देऊ नका.

परीक्षा पाण्याने करायची. बाटली काठोकाठ पाण्याने भरायची, आत हवेचा बुडबुडा ठेवायचा नाही. मग लाँचरवर (रॉकेट सोडायच्या घोडीवर) लावून लांबून ९० पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे पंपाच्या काट्यावरचे दाबाचे माप) दाब द्यायचा आणि दोन मिनिटे तसाच ठेवायचा. उडवताना आपण ६० च्या वर जाणार नाही, म्हणजे दीडपट दाबाला ती टिकली. पाणी जवळजवळ दाबले जात नाही. त्यामुळे बाटली फुटलीच तरी पाणी सांडते, तुकडे उडत नाहीत. हवा भरून परीक्षा घेतली तर तीच बाटली धोकादायक ठरते. लाँचर आठव्या टप्प्यात आहे, तो आधी बांधून घेतला तरी चालेल.

इशारा: या बाटलीला भोक पाडायचे नाही, सँडपेपर लावायचा नाही, गरम ग्लू गन लावायची नाही. गरम गोंदाने प्लॅस्टिक मऊ पडते आणि बाटली पुढे नेमकी तिथेच फाटते.

३. आधी कागदावर रॉकेट

खऱ्या मापाचे बाजूचे चित्र जाड पुठ्ठ्यावर काढा. माझ्या नेहमीच्या नमुन्याची मापे अशी: टोकापासून बाटलीच्या तोंडापर्यंत ७५ सें.मी., जाडी ११ सें.मी. पंखाची अंगाला चिकटणारी कड २४ सें.मी., बाहेर काढलेली रुंदी १० सें.मी. पंखाचे टोक बाटलीच्या तोंडाच्या ८ सें.मी. खाली उतरते, म्हणजे रॉकेट पंखांवर उभे राहते.

पोट फुगवायचा मोह सगळ्यांना होतो. कागदाचे थर चढवून पोट करू नका. खळ लावलेला कागद ओल धरतो आणि पाण्याच्या पहिल्याच फवाऱ्यात लोंबतो. पोटाचा भास दोन आडव्या पट्ट्यांनी होतो, मध्ये रुंद आणि टोकांकडे अरुंद. लांबून डोळा फसतो.

आता इथली सर्वांत मोठी चूक. तीन पंखांचे रॉकेट चित्रात काढताना मुले दोन्ही बाजूंना पूर्ण रुंदीचा पंख काढतात. तीन पंख १२० अंशांवर असतात. एक पंख पूर्ण दिसेल असे रॉकेट धरले तर उरलेले दोन पलीकडच्या बाजूला एकामागे एक, तिरके दिसतात. माझ्या मापात ते अंगाबाहेर जेमतेम सव्वादोन सें.मी. डोकावतात. हिशेब सोपा आहे: मध्यापासून पंखाच्या टोकापर्यंत साडेपंधरा सें.मी., त्याचे निम्मे पावणेआठ, त्यातून अंगाचे साडेपाच वजा. म्हणून पुठ्ठ्यावर एका बाजूला १० सें.मी. चा पंख आणि दुसऱ्या बाजूला फक्त सव्वादोन सें.मी. ची पट्टी काढा. दोन्हीकडे १० काढले तर पुढचा सगळा हिशेब खोटा येतो आणि कागदावर स्थिर असलेले रॉकेट हवेत उलटते.

आकृती बाहेरच्या रेषेवर कापा आणि पट्टीच्या कडेवर आडवी तोला. ती जिथे समतोल राहते तिथे रेघ मारा. आडवा वारा रॉकेटाला जिथे ढकलतो तो हा बिंदू, त्याला दाबमध्य म्हणू. माझ्या आकृतीत तो टोकापासून ४८ सें.मी. वर येतो. हा आकडा पुठ्ठ्यावरच लिहून ठेवा.

४. घागरा आणि पंख

दुसऱ्या बाटलीचा सरळ भाग कापून दाबाच्या बाटलीच्या तोंडाकडच्या भागावर सरकवायचा. हा घागरा. पंख याला चिकटवायचे, दाबाच्या बाटलीला थेट कधीही नाही. पुढे बाटली बदलावी लागली तर घागरा पंखांसकट काढून नव्या बाटलीवर बसवता येतो.

घागऱ्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळा, तिचे तीन समान भाग करा आणि तिथून उभ्या रेघा ओढा. पंखाच्या कडेला तीन-चार छोट्या जिभा ठेवा, घागऱ्यात तितक्याच फटी पाडा, जिभा आत घालून दुमडा आणि वरून सीलंट लावा. नुसत्या डिंकावर पंख टिकत नाही. ६० पीएसआयला पाणी सुटते त्या क्षणी रॉकेटाला साधारण ३०० न्यूटनचा धक्का बसतो, म्हणजे तीस किलोच्या पोत्याइतका. पाणी भरलेले आपले रॉकेट तर किलोभराचेही नसते.

सीलंट पूर्ण एक दिवस सुकू द्या. पावसाळी दमट दिवसांत दोन.

पंखाच्या टोकाला गोळा हवाच असेल तर थर्माकोलचा. गोटी, नट, लाकडी मणी नको. शेपटीला वाढलेल्या प्रत्येक ग्रॅमची भरपाई पुढे करावी लागते, आणि ती बहुधा एका ग्रॅमहून जास्त असते.

तपासणी: रॉकेट पंखांवर उभे करून वरून पाहा. एखादा पंख किंचित तिरका असेल तर रॉकेट उडताना मळसूत्रासारखे फिरते आणि उंची गमावते.

५. पुढची नळी, टोपी आणि छत्री

तिसऱ्या बाटलीची नळी दाबाच्या बाटलीच्या बुडावर बसते, रॉकेट सावकाश उतरवणारी छत्री (पॅराशूट) तिच्या पोटात. टोपी त्याच बाटलीच्या खांद्याची करा आणि तोंडावर स्पंजचे निमुळते टोक लावा. जुन्या चित्रांतल्या रॉकेटाला सुईसारखा लांब काटा असतो. तो मऊ स्पंजचाच करायचा. सळई, विणकामाची सुई, बांबूची काडी यांतले काहीही नाही. हे टोक कधीतरी कोणाच्या अंगावर येणार आहे असे धरूनच ते बनवायचे.

छत्रीचे कापड ६० सें.मी. व्यासाचे गोल कापा. मूळ दांड्याचे भोक तसेच राहू द्या. त्यातून हवा जाते आणि छत्री झोके खात नाही. कडेला आठ दोऱ्या, प्रत्येकी ६० सें.मी. ही छत्री पाव किलोच्या आतले रॉकेट सेकंदाला साधारण चार मीटर वेगाने उतरवते. मोठ्या माणसाची अख्खी छत्री लावली तर रॉकेट वाऱ्यावर शेजारच्या वाड्यावर जाते.

इलास्टिकचे एक टोक नळीला, दुसरे टोपीला, छत्री मध्ये. छत्रीवर टाल्कम पावडर शिंपडून सैल गुंडाळी करा. आपल्या हवेत नायलॉन स्वतःलाच चिकटते आणि घडी उघडत नाही.

तपासणी: रॉकेट उलटे धरा. टोपी आपोआप पडली पाहिजे, झटका द्यावा लागता कामा नये. मग रॉकेट सरळ उभे धरून हलवा. टोपी खडखडली तर आत कागदी टेपचा एक फेरा द्या.

६. तोल

इथे घाई करू नका. रॉकेट आता सगळे जोडलेले, छत्री आत, टोपी वर, पण रंग नाही आणि पाणी नाही. सुतळीच्या फासात आडवे टांगा आणि फास मागेपुढे सरकवून समतोल शोधा. तो गुरुत्वमध्य. तो दाबमध्याच्या पुढे, म्हणजे नाकाच्या बाजूला, कमीत कमी अंगाच्या एका जाडीइतका हवा. माझ्या नमुन्यात ४८ वजा ११, म्हणजे टोकापासून ३७ सें.मी. वर किंवा त्याच्याही पुढे.

प्रत्यक्षात काय येते ते सांगतो. माझे रॉकेट भरले १७० ग्रॅम आणि तोल आला ४६ वर. दाबमध्यापासून फक्त दोन सें.मी. पुढे. असेच उडवले तर ते उलटणारच.

किती वजन घालायचे ते असे काढा. तोल ४६ वरून ३७ वर आणायचा, म्हणजे ९ सें.मी. १७० ला ९ ने गुणले की १५३०. वजन टोकापासून १६ सें.मी. वर ठेवणार, म्हणजे हव्या असलेल्या बिंदूच्या २१ सें.मी. पुढे. १५३० भागिले २१, उत्तर सुमारे ७३. तितके ग्रॅम क्ले.

इथे हुशार मुले विचारतात, वजन अगदी टोकात, टोपीमध्ये का घालू नये? ६ सें.मी. वर ठेवले तर ५० ग्रॅममध्ये भागते. हिशेब बरोबर आहे, पण टोपी सैल आहे हे विसरू नका. पाणी आणि हवा संपली की रुंद पंखांचे धड वाऱ्याला अडून मंदावते. जड टोपी तशीच पुढे धावते आणि धडापासून सुटते. मग छत्री भर वेगात उघडते आणि दोऱ्या तुटतात. म्हणून टोपी हलकी ठेवायची आणि वजन नळीच्या वरच्या काठाखाली, आतून गोल कड्यासारखे बसवायचे. वीस-तीस ग्रॅम जास्त लागतात, ते सोसायचे. क्लेच्या कड्यावर कापडी टेपचे दोन फेरे द्या, नाहीतर उन्हात क्ले मऊ होऊन खाली सरकते.

वजन घातल्यावर पुन्हा टांगून बघा. नुसत्या हिशेबावर थांबू नका.

मग दोरीची परीक्षा. गुरुत्वमध्यावर सुतळी बांधा, ती सरकू नये म्हणून टेप लावा, आणि मोकळ्या जागेत दोन-अडीच मीटरच्या दोरीवर रॉकेट डोक्याभोवती फिरवा. नाक पुढे ठेवून ते फिरले तर स्थिर. शेपटी पुढे आली किंवा लोळण घेत फिरले तर क्ले वाढवा. तसे करून रॉकेट फारच जड व्हायला लागले, पावणेतीनशे ग्रॅमच्या पुढे गेले, तर क्ले थांबवा आणि पंखांवरचे गोळे, नक्षी यांतले काहीतरी कापा. कापताना जीव हळहळतो. तरी कापा.

७. रंग

दाबाच्या बाटलीला रंग द्यायचा नाही. तिच्याभोवती चंदेरी कागदाची सुटी बाही करा, म्हणजे बाही काढून बाटली तपासता येते. पंखांना पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग, पातळ दोन हात. स्प्रेच्या डब्यातला रंग थर्माकोल खातो. एका मुलाचे तीनही गोळे रात्रीत विरघळले होते.

खिडक्या चिकटकागदाच्या गोल चकत्यांनी छान होतात. रंग सुकला की पुन्हा काट्यावर ठेवा आणि पुन्हा टांगा. तोल एक सें.मी. मागे सरकलेला असू शकतो.

८. लाँचर

अर्ध्या इंची यूपीव्हीसी पाइप बाटलीच्या तोंडात जेमतेम सरकतो. दुकानात जाताना रिकामी बाटली सोबत न्या आणि तिथेच घालून बघा, कारण सगळ्या अर्ध्या इंची पाइपांची बाहेरची जाडी सारखी नसते. बाटलीत शिरणारा तुकडा २५ सें.मी. ठेवा. त्याचे टोक पाण्याच्या पातळीच्या वर राहते, आणि पहिल्या काही इंचांत तोच रॉकेटाला सरळ धरतो. पाण्यासकट रॉकेटाची शेपटी जडच असते, म्हणून सुरुवातीचा हा आधार आवश्यक आहे.

बाटलीचे तोंड जिथे टेकते तिथे कानशीने उथळ खाच करून रबरी ओ-रिंग बसवा. पाइपाभोवती केबल टाय उभे लावा, त्यांची डोकी बाटलीच्या गळ्याच्या कड्यावर अडकतील अशी, आणि खाली क्लॅम्पने आवळा. वरून दीड इंची पाइपचा छोटा तुकडा सरकवला की डोकी आत दाबली जातात आणि बाटली पकडली जाते. दोरीने तुकडा खाली ओढला की ती सुटते.

पाइपाच्या खालच्या टोकाला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड. एका बाजूला लांब नळी आणि तिच्या शेवटी पंक्चरवाल्याकडचा ट्यूबलेस व्हॉल्व्ह, दुसऱ्या बाजूला बॉल व्हॉल्व्ह. हा दुसरा व्हॉल्व्ह वगळू नका, आणि त्याच्या दांड्यालाही लांबून ओढता येईल अशी दोरी बांधा. रॉकेट सुटले नाही तर दाब सोडायचा मार्ग तोच.

सगळे फळीवर स्क्रूने आवळा आणि उडवताना फळीवर दोन चिरे ठेवा. पंखांची टोके सरकत्या तुकड्याला, दोरीला किंवा फळीला लागत नाहीत ना ते बघा.

इशारा: पीव्हीसी उन्हात ठिसूळ होतो. लाँचर सावलीत ठेवा आणि दरवर्षी पाइप बदला.

९. जागा आणि वेळ

सरद, म्हणजे पावसाळी भाताचे, पीक कापले की वायंगणाची, म्हणजे पावसानंतरच्या भाताची, लावणी होईपर्यंत शेते मोकळी असतात. गावाबाहेरचा सडाही (कातळाचा माळ) चांगला, पण तिथे दगडावर पडले की पंख जातात. शेतमालकाला आधी विचारा. चारही बाजूंना पन्नास-साठ मीटर मोकळे हवे. विजेच्या तारा जवळ नकोत. माडात अडकलेले रॉकेट पाडेली काढून देतो, तारेवरचे कोणीही काढायचे नाही.

दाबोळी आणि मोपा विमानतळांच्या आसपास उडवू नका. मोरजी, आश्वे, आगोंद, गालजीबाग इथले किनारेही सोडा. आपला उडवायचा हंगाम तोच तिथे कासवांचा अंडी घालण्याचा हंगाम असतो.

वेळ सकाळी सात ते साडेनऊ. त्यानंतर समुद्राचा वारा उठायला लागतो. चाळीस मीटरवरून छत्रीने उतरायला दहा सेकंद लागतात. सेकंदाला तीन मीटरचा वारा असेल तर रॉकेट तीस मीटर दूर पडते.

१०. उड्डाण

माणसे तीन: पंप मारणारा, दोरी ओढणारा, आणि आकाश व माणसे यांच्यावर नजर ठेवणारा. तिसऱ्याने "थांब" म्हटले की काम थांबते. पंप आणि दोरी दहा मीटरवर, बघणारे त्याच्याही मागे. पंपवाल्याच्या डोळ्यांवर चष्मा.

१) ६०० मि.ली. पाणी मोजून भरा. जास्त पाण्याने उंची वाढत नाही.
२) बाटली तोंड वर धरून लाँचर उलटा तिच्यात घाला, तुकडा सरकवा, दोन्ही मिळून सरळ करा आणि मग फळीवर चिरे ठेवा.
३) टोपी शेवटी बसवा, आणि बोटाने उचलून ती सैल असल्याची खात्री करा.
४) सगळे मागे. यापुढे कोणीही लाँचरकडे जायचे नाही.
५) पहिले उड्डाण ३० पीएसआयला. सरळ गेले तर ४५. मग ६०. त्याच्या वर नाही.
६) मोठ्याने पाच ते एक मोजा आणि दोरी एका दमात ओढा.

दोरी ओढूनही रॉकेट सुटले नाही तर जवळ जाऊ नका. बॉल व्हॉल्व्हच्या दोरीने दाब पूर्ण उतरवा, पंपाचा काटा शून्यावर आलेला बघा आणि मगच जा. वाकून "काय झालं" बघायला गेलेल्याच्या तोंडावर रॉकेट सुटू शकते.

टोपी कधीतरी अडकतेच. रॉकेट नाक खाली करून येऊ लागले की तिसऱ्याने ओरडायचे आणि सगळ्यांनी त्याच्याकडे बघत बाजूला व्हायचे. खाली मान घालून पळायचे नाही.

११. उतरल्यावर

बाही काढा, बाटली पुसा आणि पुन्हा उजेडात फिरवून बघा. दगडावर आपटलेली बाटली बाद. न आपटलेलीही मी दहा उड्डाणांनंतर बदलतो आणि तिच्यावर मार्करने काटे मारत जातो. प्रत्येक उड्डाणाचा दाब, पाणी, वजन आणि रॉकेट कुठे वळले ते वहीत टिपा. एकाच दिशेला वारंवार वळत असेल तर त्या बाजूचा पंख पट्टीने तपासा.

छत्री उघडून दोरीवर वाळत टाका आणि पूर्ण सुकल्यावरच आत भरा. ओली भरलेली छत्री पुढच्या रविवारी उघडत नाही.